सांगली-मिरज: स्टेशन आणि स्टँडच्या भोवतीच शहर वाढवलं तर?

कृष्णाकाठचा
भाचा पुण्यात आर्किटेक्टकडं कामाला आहे, परवा आला होता तेव्हा सांगत होता की तिकडं मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय (प्लॉटच्या चारपट बांधकाम) मिळतो, म्हणजे रस्त्याची रुंदी, प्रीमियम वगैरे भानगडी आहेतच पण मूळ कल्पना अशी की लोकांनी स्टेशनच्या चालत अंतरावर राहावं, तिथंच ऑफिसं, दुकानं, दवाखाने असावेत आणि गाडी काढायची गरजच पडू नये. टीओडी (ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट) म्हणतात त्याला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आपल्याकडं एकाच रुळावर सांगली, विश्रामबाग, मिरज अशी तीन स्टेशनं. शिवाय सांगली आणि मिरजेचे एसटी स्टँड. १९९८ ला महापालिका एक झाली पण शहर वाढतंय कुठं, तर शंभर फुटी रस्त्याच्या पलीकडं, कुपवाडच्या माळाला, कोल्हापूर रोडला, हरिपूरच्या बाजूला मळ्यात. जिथं उसाचा फड होता तिथं प्लॉट पाडलेत आणि प्रत्येक बंगल्यापुढं दोन मोटरसायकली एक चारचाकी. दूध आणायलाही गाडी.

तर प्रश्न असा की या पाच ठिकाणांभोवती अर्धा-पाऊण किलोमीटरात उंच बांधू द्यावं का? खाली दुकानं वर घरं, पार्किंग कमी, फुटपाथ मोठे. आपल्या एवढ्या गावाला हे जमण्यासारखं आहे का नुसता पुण्याचा वारा? आणि खरं सांगा, तुम्ही स्वतः राहायला जाल का स्टेशनजवळ?

भडंगवाला_नाही
पहिला!
आधी गाडी येऊ दे भावा, मग एफएसआय.

साताऱ्याचा_बंड्या
तुमच्याकडं निदान स्टेशन गावात तरी आहे राव. आमचं स्टेशन माहुलीला. स्टँडवरून रिक्षावाला जे भाडं सांगतो तेवढ्यात एसटीनं निम्म्या वाटेत पोचतोय माणूस. आम्ही सातारकर रेल्वे बघायला जातो, बसायला नाही.

निवृत्त_तिकीटबाबू
कृष्णाकाठचे, धागा चांगला काढलात. एक जुनी गोष्ट सांगतो, तरुणांना माहीत नसेल. सांगलीत स्टेशन चौक आहे, वसंतदादांचा पुतळा आहे तिथं, सभा होतात. बाहेरगावचा पाहुणा तिथं उतरतो आणि रेल्वे शोधत बसतो. मीटरगेजच्या काळात मिरजेहून सांगलीला फाटा यायचा आणि स्टेशन त्या भागात होतं. सत्तरच्या सुमारास पुणे-मिरज ब्रॉडगेज झाली, नवी लाईन गावाच्या बाहेरून आली आणि स्टेशन उठून तिकडं गेलं. मागं राहिलं ते नाव.

म्हणजे तुम्ही जे म्हणताय ते आपल्याकडं एकदा होऊन गेलेलं आहे. पेठा, वखारी, लॉज, खानावळी, सगळं त्या जुन्या स्टेशनच्या आणि स्टँडच्या टप्प्यात उभं राहिलं, कुणी टीओडी म्हटलं नाही. मग रेल्वे हलली आणि गाव तिथंच राहिलं. नव्या स्टेशनला पन्नास वर्षं झाली, अजून त्याच्या दारात गाव नीट बसलेलं नाही.

विदाभक्त
छान आठवण पण विदा (आकडेवारी) कुठाय? सांगली स्टेशनला दिवसाला किती लोक उतरतात, त्यातले किती रोजचे, किती नोकरीचे? हे माहीत नसताना उंच बांधा म्हणणं म्हणजे काडी टाकणं झालं.

भडंगवाला_नाही
आला बघा विदा मागायला. अरे संध्याकाळी पॅसेंजरला उभा राहून बघ की.

नकाशेवाली
मी नगररचनेच्याच कामात आहे (कुठल्या ऑफिसात ते विचारू नका) त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, टीओडी म्हणजे जादा एफएसआय नव्हे. बिल्डर लोकांनी तेवढंच उचललंय कारण पैसा त्यात आहे. केंद्राचं टीओडीचं राष्ट्रीय धोरण २०१७ चं आहे, त्यात स्टेशनपासून ५०० ते ८०० मीटर म्हणजे दहा-बारा मिनिटं चालण्याचा पट्टा धरलाय. त्या पट्ट्यात दाट वस्ती हा एक भाग झाला. बाकीचे भाग असे की चालायला सलग सावलीचा फुटपाथ हवा, सायकल ठेवायला जागा हवी, घर-दुकान-ऑफिस मिसळलेलं हवं, पार्किंगला कमाल मर्यादा हवी, छोटी परवडणारी घरं ठराविक प्रमाणात हवीत, आणि रेल्वे-बस-रिक्षा एका जागी जुळायला हव्यात. यातलं फक्त पहिलं केलं आणि बाकीचं सोडलं की जे तयार होतं ते स्टेशनजवळचा ट्रॅफिक जाम. लोक राहतात स्टेशनशेजारी आणि बेसमेंटमधून गाडी काढून जातात कामाला.

दुसरी गोष्ट, जमिनीचा भाव. सरकारी पैशानं स्टेशन सुधारलं की शेजारच्या प्लॉटची किंमत वाढते, ती वाढ प्लॉटवाल्याच्या खिशात जाते. त्यातला वाटा परत घेऊन वाहतुकीवर खर्च करायचा हा टीओडीचा अर्धा प्राण आहे. आपल्या राज्यातलं सगळ्यात जुनं उदाहरण नवी मुंबईचं. तिथल्या रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोनं दिला, ३३ टक्के रेल्वेनं. सिडकोकडं तो पैसा आला कुठून, तर जमिनी विकून. वाशी, बेलापूरला स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं उभी आहेत ती उगाच नाहीत.

पण सिडकोकडं जमीन होती. आपल्या महापालिकेकडं स्टेशनजवळ काय आहे? एक तर रेल्वेची जागा, नाहीतर खासगी. त्यामुळं जशीच्या तशी नक्कल होणार नाही.

लोणंदकर
+१. आमचं स्टेशन रेल्वेच्या अमृत भारत योजनेत २०२५ च्या मे महिन्यात उद्घाटन होऊन चकाचक झालं. आतलं छान, खोटं कशाला बोलू. आता बाहेर गावाकडं येणाऱ्या रस्त्याचंही कुणीतरी उद्घाटन करा म्हणावं.

मिरजेचा_जंक्शन
धाग्याच्या नावात सांगली आधी आणि मिरज नंतर, इथंच चुकलं. हलकं घ्या.

मिरज म्हणजे असं जंक्शन जिथं एके काळी मीटरगेज, ब्रॉडगेज आणि बार्शी लाईटची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या. आज पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर-कुर्डूवाडी चारी दिशांना गाडी आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे इथूनच गेली, अख्ख्या देशानं बघितलं. सांगलीच्या स्टेशनला वंदे भारत थांबते एवढाच काय तो तोरा.

आणि मिरजेत टीओडी करायची गरजच नाही, आहेच. कर्नाटकातून पेशंट येतो, स्टेशनला उतरतो, चालत नाहीतर सीट रिक्षानं दवाखान्यात जातो, नातेवाईक जवळच्या लॉजवर राहतात, खाली मेडिकल, शेजारी खानावळ. सगळं मिसळलेलं. फक्त फुटपाथ नाही. आजारी माणूस सलाईन काढल्याकाढल्या रिक्षा, हातगाडी, म्हैस यांच्यामधून वाट काढत स्टेशन गाठतो.

भडंगवाला_नाही
म्हैस पण मिक्स्ड यूजमध्ये धरायची का मॅडम?

नकाशेवाली
मिरजेत धरावी लागेल.
पण मिरजेचा_जंक्शन यांचा मुद्दा बरोबर आहे आणि गंमत म्हणजे नियोजनात नेमका हाच दिसत नाही. दाटी, मिसळण, चालत अंतर हे आपल्या जुन्या भागात आधीपासून आहे. नाही ते चालणाऱ्याला जागा.

अनुजा_खणभाग
इथं अजून कुणी पुराचं बोललं नाही याचं नवल वाटतंय. सांगलीत कुठलीही चर्चा पाण्यापासून सुरू व्हायला हवी.

२०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ४० ला इशारा आणि ४५ ला धोका, ते गेलं ५७ च्या वर. आमचं घर खणभागात, खालचा मजला गेला. २००५ ला आजीनं बघितलं होतं, २०२१ ला परत. एसटी स्टँडातही पाणी होतं. आणि सगळं गाव पळालं कुठं? विश्रामबाग, मिरज. म्हणजे रेल्वेलाईनच्या बाजूला. आम्ही तिकडंच भाड्यानं राहिलो आणि मग तिथंच राहिलो, परत गेलो नाही. आई अजून म्हणते घर आहे की तिकडं, पण जून आला की तिचीच झोप उडते.

तर कृष्णाकाठचे, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे, पण कारण वेगळं. नदीकाठच्या गावभागापेक्षा स्टेशनची बाजू उंचावर आहे. शहर दाट करायचंच असेल तर ते कोरड्या जागेवर करा. आज उलटं चाललंय, निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकून प्लॉट विकतात, शामरावनगरसारख्या सखल भागात दर पावसाळ्यात पाणी साठतं कारण ओढे-नाले बुजवले, आणि उंचावरच्या स्टेशनजवळ पत्र्याची गोडाऊनं.

पण म्हणून स्टँडला आणि स्टेशनला एकच नियम लावू नका. स्टँडजवळ जादा एफएसआय म्हणजे पुरात आणखी माणसं.

विदाभक्त
हा प्रतिसाद या धाग्यातला पहिला ठोस मुद्दा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा, असं जलसंपदाचं गणित. पण २००५, २०१९, २०२१ असा हिशोब बघितला तर त्या शब्दांवर विश्वास ठेवायचा कसा हा प्रश्नच आहे. पाचही जागांचा नकाशा पूररेषेवर ठेवून बघायला हवा. स्टँड बहुतेक बाद होईल.

कृष्णाकाठचा
अनुजाताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं एवढ्या स्पष्टपणे. मी पाच जागा एका माळेत ओवून टाकल्या. पण मग सांगलीच्या स्टँडचं करायचं काय? गावातला माणूस तर एसटीनंच जातो, अर्ध्या तिकिटाची योजना आल्यापासून बायकांची गर्दी तर विचारू नका.

वडापप्रेमी
सगळे फिरून फिरून रेल्वेवर. अहो सांगली जिल्हा चालतो वडापवर. तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळ, सकाळी सात ते रात्री नऊ, जीप भरली की सुटली. वेळापत्रक नाही, तिकीट नाही, हात केला की थांबते, मागं लटकून का होईना पण पोचवते. तुमचा तो पट्टा काढायचा असेल तर वडाप जिथं उभी राहते त्या जागेभोवती काढा. पोलीस हाकलतात, वडाप पन्नास पावलं पुढं सरकते, चहावाला पण तिच्यामागं सरकतो. शहर वाहतुकीभोवती वाढतं म्हणजे काय ते बघायचं असेल तर त्या चहावाल्याला विचारा.

साताऱ्याचा_बंड्या
लै भारी!

आता साताऱ्याचं गंभीरपणे सांगतो. आमचं खरं स्टेशन म्हणजे एसटी स्टँड, आणि तो गावात आहे, पोवई नाका चालत अंतरावर, राजपथ तिथून वर राजवाड्यापर्यंत. कोर्ट, कलेक्टर ऑफिस, सिव्हिल हॉस्पिटल, सगळं त्या टापूत. नकाशेवाली म्हणतात ते सगळं आयतं आहे. आणि आम्ही काय केलं? पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर. २०२१ ला सुरू झाला. गाड्या खालून गेल्या, बरं झालं, कोंडी कमी झाली हे मान्य. पण पायी माणसाचा नाका ओलांडायचा त्रास गेला का? नाही. पैसा चाकाला गेला.

वर हायवे. मुंबई-कोल्हापूरच्या कितीतरी गाड्या स्टँडात येतच नाहीत, हायवेवर पुलाखाली उतरवतात. रात्री दोनला म्हाताऱ्या बाईला बॅग घेऊन पुलाखाली उतरवलं की तिथून गावात यायचं कसं, ते रिक्षावाला ठरवणार. हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर पालिकेत आलं २०२० ला, पण तिकडून स्टँडला यायला वेळेवर बस असेल तर शपथ.

पिंपरीवासी_सांगलीकर
पुण्यात वीस वर्षं काढलेला माणूस म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

बीआरटी आठवते का कुणाला? कात्रज ते स्वारगेट, सातारा रोडवरच, २००६ च्या डिसेंबरला सुरू केली, देशातली सुरुवातीची. बससाठी मधला रस्ता राखीव. झालं काय, तर बसस्टॉप रस्त्याच्या मधोमध आणि माणूस तिथपर्यंत पोचायला गाड्यांच्या पुरातून पळतोय. दुचाकीवाले राखीव रस्त्यात घुसले. बसेस पुरेशा नव्हत्या. शेवटी बरंच उखडलं. म्हणजे लाईन काढली पण लाईनपर्यंत चालत जायची सोय नाही केली. आता मेट्रोला तेच होतंय काही ठिकाणी, स्टेशन झकास, उतरलं की फुटपाथवर केबलचा खड्डा.

दुसरं. स्टेशनजवळ घर घेतलेले माझे मित्र सगळे पगारदार, दोन गाड्यावाले. ज्याला खरंच मेट्रोनं जायचंय, धुणीभांडी करणारी, सिक्युरिटीवाला, डिलिव्हरीवाला, तो भाडं परवडत नाही म्हणून पाच-सात किलोमीटर लांब गेला. स्टेशनभोवतीच्या उंच बिल्डिंगा ही गाडी असलेल्यांची सोय होऊन बसते. सांगलीत वेगळं का होईल ते सांगा.

अनुजा_खणभाग
होतंयच की. पुरानंतर विश्रामबागला भाडी कशी वाढली ते आम्ही भोगलंय. घरमालक म्हणाला पाणी येत नाही इथं, त्याचे पैसे. कोरड्या जमिनीचा पण प्रीमियम.

हळद_अडत
मी पेठेत दुकानदार आहे, सरळ बोलतो. पार्किंग कमी करा म्हणणाऱ्या सगळ्यांना नोकरीचा पगार येतो. माझं गिऱ्हाईक खेड्यातून मोटरसायकलवर येतं, पोतं घेऊन जातं. त्याला सांगू का की रेल्वेनं ये आणि चालत जा? माधवनगर रोडला चिंतामणीनगरचा रेल्वेपूल दुहेरीकरणासाठी पाडला तेव्हा त्या बाजूच्या दुकानदारांचं काय झालं ते जाऊन विचारा. रस्ता बंद म्हणजे गल्ला बंद. तुमचे प्रयोग कागदावर चांगले असतात.

नकाशेवाली
हळद_अडत, पोतं घेऊन जाणाऱ्याला कुणी चालवत नाही. मालाची चढ-उतार वेगळी, तिला ठराविक वेळ आणि जागा द्यायची असते. पण तुमच्या दुकानापुढं दिवसभर उभ्या असतात त्या गाड्या गिऱ्हाइकाच्या असतात का शेजारच्या दुकानदाराच्या आणि त्याच्या पोरांच्या? रागावू नका, खरंच विचारतेय, बहुतेक पेठांमध्ये हेच दिसतं.

हळद_अडत
माझी स्वतःची गाडी मी मागच्या बोळात लावतो. शेजारच्याचं मी कशाला सांगू 😄

भडंगवाला_नाही
शेजारच्याचं उत्तर मिळालं.

विदाभक्त
पिंपरीवासींच्या प्रश्नाला नकाशेवालींनी उत्तर द्यावं अशी विनंती. गरीब माणूस लांब ढकलला जाणार असेल तर ही हिरवी कल्पना कुणासाठी?

नकाशेवाली
खरं उत्तर हे की आपोआप चांगलं काहीच होत नाही. धोरणात छोट्या घरांची अट लिहिलेली असते, पण अट पाळली जाते का हे बघणारा कुणी नसला की "छोटं घर" म्हणजे दोन शेजारचे फ्लॅट भिंत पाडून एक. दुसरा मार्ग म्हणजे फ्लॅट विकण्याऐवजी भाड्यानं द्यायच्या खोल्या, वसतिगृहं. सांगली-मिरजेला नर्सिंगच्या, फार्मसीच्या, इंजिनिअरिंगच्या पोरापोरींची किती मोठी संख्या आहे, ही मंडळी गाडीशिवाय राहतात. स्टेशन आणि स्टँडजवळ पहिला हक्क त्यांचा असायला हवा. आता कॉट बेसिसवर कुठल्यातरी बंगल्याच्या माडीवर असतात.

अजून एक, रेल्वे कमी आहे म्हणून सगळं सोडून द्यायची गरज नाही. ब्राझीलमध्ये कुरितिबा म्हणून शहर आहे, तिथं मेट्रो नव्हतीच. १९७४ पासून त्यांनी ठराविक रस्त्यांवर बसची स्वतंत्र लेन काढली आणि उंच बिल्डिंगांना परवानगी त्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांनाच दिली, बाकी शहर बुटकं ठेवलं. बस हाच कणा. सांगली-मिरज रस्ता बघा, पुष्पराज चौकापासून विलिंग्डन, विश्रामबाग, वानलेसवाडी, भारती हॉस्पिटल करत मिरजेपर्यंत. कॉलेजं, दवाखाने, ऑफिसं, सगळं त्या एका रस्त्याला लटकलेलं आहे. शेजारून रेल्वे समांतर. असा आयता कणा फार थोड्या गावांना मिळतो.

पिंपरीवासी_सांगलीकर
हे पटतंय. पण त्या रस्त्यावर दर पाच मिनिटाला बस हवी. आज सिटी बसची वाट बघणारा माणूस म्हणजे ज्याला दुसरा इलाज नाही तो.

वडापप्रेमी
दर पाच मिनिटाला रिक्षा आहे की, सीटवर. सहा माणसं कोंबतो पण आहे. बस येईपर्यंत त्याला तरी दुखवू नका.

कॉलेजकन्या_मिरज
मी रोज जाते सांगलीला म्हणून लिहिते. सीट रिक्षात पुढं ड्रायव्हरशेजारी बसावं लागतं कधीकधी, ते नको वाटतं. सिटी बस असली की मी बसच घेते, पण कधी येईल माहीत नसतं. केंद्राची ई-बस योजना आली २०२३ ला, दहा हजार बसेस, आपल्या महापालिकेचं नाव आहे म्हणून पेपरात आलं होतं, आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी स्टेटस ठेवलेलं 😅

आणि उंच बिल्डिंग-बुटकी बिल्डिंग हे ठीक आहे पण विश्रामबाग स्टेशनला संध्याकाळी सातनंतर एकटी जाऊन बघा. प्लॅटफॉर्मवर लाईट असतो, बाहेरच्या रस्त्याला नसतो. मला रेल्वे स्वस्त पडते तरी मी जात नाही त्याचं कारण भाडं नाही, अंतर नाही, तो रस्ता आहे. तिथं खाली दुकानं असती, वर माणसं राहत असती, कुणीतरी गॅलरीत उभं असतं तर मी रोज रेल्वेनं गेले असते. एवढंच.

निवृत्त_तिकीटबाबू
पोरी, बरोबर बोललीस. आम्ही ड्युटीवर असताना हेच बघायचो. महालक्ष्मी पहाटे यायची, उतरलेले लोक उजाडेपर्यंत प्लॅटफॉर्मवर बसून राहायचे, बाया तर नक्कीच. रिक्षाला पैसे नाहीत असं नव्हे, बाहेर सामसूम म्हणून.

आता गाड्यांचं. भडंगवाल्यांनी सुरुवातीला टोमणा मारला तो खराच आहे. लांबच्या गाड्यांवर शहर वाढत नाही. वंदे भारत आली २०२४ ला, ती पुण्याला जाणाऱ्याची सोय. रोज कामाला जाणाऱ्याला हवी कोल्हापूर-हातकणंगले-जयसिंगपूर-मिरज-विश्रामबाग-सांगली अशी तासातासाला सुटणारी डेमू लोकल. इचलकरंजीचा, जयसिंगपूरचा, कुपवाड एमआयडीसीचा कामगार तीत बसेल. मिरजेपासून पुण्याकडं दुहेरी लाईनचं काम झालंय म्हणजे निदान त्या बाजूला समोरून गाडी येते म्हणून अर्धा तास उभं राहायचं कारण कमी झालं. कोल्हापूरकडं मात्र एकेरीच. मागणी करायची तर ही करा, प्लॅटफॉर्मला संगमरवर नको.

भडंगवाला_नाही
मी भडंगवाला नाही. आयडी वाचा.

मिरजेचा_जंक्शन
बाबूजींना +१००. आणि सांडपाण्याचं पण बघा. स्टेशनजवळ दहा मजले चढवले तर ड्रेनेज जाणार कुठं? शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत जातंय यावर किती वर्षं नुसत्या बैठका चालल्यात. वर माणसं वाढवा आणि खाली तोच पाईप.

संपादक
दोन राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. कुणी कुठल्या पुलाचं उद्घाटन आधी केलं हा या धाग्याचा विषय नाही.

साताऱ्याचा_बंड्या
मी नाही हां 😇

कृष्णाकाठचा
सगळ्यांचे आभार, धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडं येतो. वाचून माझं मत असं झालंय की सांगली स्टँड पुराच्या टप्प्यात, तिथं वस्ती वाढवायचं नाव काढायचं नाही, बसची सोय सुधारायची आणि वर-खाली आहे तेवढंच ठेवायचं. मिरज स्टेशनजवळ दाटी आधीच आहे, तिथं फक्त चालणाऱ्याला रस्ता मोकळा करून द्यायचा. उरलं विश्रामबाग. उंचावर, मोकळं, कॉलेजं जवळ, सांगली-मिरज रस्ता जवळ. टीओडी करायचं तर पहिलं इथं. पण क्रम असा की आधी दिवे आणि फुटपाथ, मग बस आणि डेमूची वारंवारता, मग ड्रेनेज, आणि एफएसआय सगळ्यात शेवटी. आज फक्त एफएसआय दिला तर भाचा म्हणतो तसं पुणं होईल.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र फार कुणी दिलं नाही. तुम्ही स्वतः जाल का राहायला?

अनुजा_खणभाग
मी राहतेच आहे.

हळद_अडत
मी नाही. मला सकाळी दुकान उघडायला पाच मिनिटं लागतात चालत, माझं टीओडी झालेलं आहे.

विदाभक्त
हा हा, हा खरा विदा.

कॉलेजकन्या_मिरज
कॉट मिळाली परवडणारी तर पुढच्या टर्मला.

पिंपरीवासी_सांगलीकर
रिटायर झाल्यावर नक्की. पण लिफ्टचं मेंटेनन्स कोण बघणार आणि खाली वडापावची गाडी राहू देणार का, या दोन अटी.

नकाशेवाली
कृष्णाकाठचे, एक सुचवते. नुसतं मत मांडून ऑफिसात कुणी हलत नाही, मी आतून सांगते. विश्रामबाग स्टेशनच्या दारापासून मुख्य रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंनी किती फुटपाथ आहे, किती तुटलाय, किती दिवे बंद आहेत, व्हीलचेअर कुठं अडते, हे मोजून फोटोसकट अर्ज दिला तर निदान आवक-जावक रजिस्टरला नोंद होते. एफएसआयवर मंत्रालयात ठरतं, दिव्यावर वॉर्डात ठरतं.

निवृत्त_तिकीटबाबू
रविवारी सकाळी आठला स्टेशनवर या. मापाची टेप माझ्याकडं आहे, शंभर फुटी. लिहून घ्यायला कुणीतरी पोरगं हवं.

कॉलेजकन्या_मिरज
मी येते. येताना रेल्वेनंच येईन, सकाळ आहे म्हणून.

वडापप्रेमी
मी पण. वडापनं.

मिरजेचा_जंक्शन
मोजून झालं की नाश्त्याला मिरजेत चला. भडंगवाले, तुम्ही भडंग आणा.

भडंगवाला_नाही
आय. डी. वाचा. किती पाकिटं आणू?